एका आकड्यावर इंजिनाचा भरवसा

सणसरच्या शिवारातला ऊस शेजारच्या भवानीनगरला, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो. काट्यावर दिसणारे वजन त्या एका खेपेचे असते. दर मात्र मागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॉलीला एकच, आणि त्याचा पाया दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे. उतारा ०.१ टक्क्याने चढला की ३.४६ रुपये वाढतात, उतरला की तेवढेच कमी होतात. साडेनऊच्या खाली मात्र ३२९.०५ रुपयांवर घसरण थांबते. शिवाय तोडणी-वाहतूक वजा होते. १४ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे वर्षाला १५ टक्के व्याज लागते.

वाचता वाचताच लक्षात येते की हे सगळे ‘असे असेल तर तसे करा’ या साच्यातले आहे. असे नियम चालवण्यासाठीच रूल इंजिन हे सॉफ्टवेअर असते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार्ल्स फोर्गी यांनी १९७० च्या दशकात रेटी ही पद्धत शोधली आणि आजची अनेक इंजिने तिच्यावरच उभी आहेत. तिची करामत अशी की एखादी नोंद बदलली तर इंजिन सगळे नियम पहिल्यापासून तपासत बसत नाही. कुठल्या नियमाची कुठली अट आधीच पुरी झाली आहे, हे त्याच्या ध्यानात असते. बदललेल्या नोंदीशी जोडलेला तेवढाच भाग ते पुन्हा पाहते. हजारो सभासदांच्या खेपांमधल्या एकीचे वजन दुरुस्त केले, तर हलते ते तिचेच बिल!

मग ३५५ हा आकडा ठेवायचा कुठे? ड्रूल्स या प्रसिद्ध इंजिनात त्यासाठी ‘ग्लोबल’ आहे. वजनाची नोंद इंजिनाच्या स्मरणात जाते, ग्लोबल त्या स्मरणाच्या बाहेर राहतो. प्रत्येक नियमाला तो दिसतो, वाचता येतो, पण इंजिन त्याच्यावर नजर ठेवत नाही. मला थक्क करते ते हेच. जे इंजिन एका खेपेच्या वजनातला फरक टिपते, त्याला सगळ्या बिलांचा दर बदलल्याचा पत्ताही लागत नाही. काम चालू असताना कोणी ३४० चे ३५५ केले, तर आधी तपासलेल्या अटींचा निकाल जुन्या दरावरच राहतो, पुढच्यांचा नव्या दराने लागतो, आणि चूक झाल्याची सूचना येत नाही. म्हणून अटीत वापरायचा ग्लोबल काम सुरू होण्याआधी भरावा आणि संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

उताऱ्यापाशी खरी कसोटी लागते. तोही कारखानाभर एकच धरतात, त्यामुळे त्यालाही ग्लोबल करण्याचा मोह होतो. मागच्या हंगामाचा उतारा ठरून गेलेला असतो. तो खुशाल ग्लोबल करावा. चालू गाळपाचा उतारा रोज हलतो, त्याची जागा नोंदींमध्येच.

दर असा नियमांपासून वेगळा ठेवला की काय साधते, ते २०२२-२३ ने दाखवले. आदल्या वर्षी १० टक्के उताऱ्याला २९० रुपये होते, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २.९० रुपये. नव्या हंगामात ३०५ रुपये झाले, पण पायाच्या उताऱ्याची अट १०.२५ वर गेली आणि वाढ ३.०५ रुपये झाली. हिशेबाची रीत तीच राहिली, त्यातले आकडे तेवढे बदलले. बातमीत टनाला १५० रुपयांची वाढ दिसली. ११ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा टनाचा दर मात्र ३१९० वरून ३२७८.७५ वर गेला, म्हणजे वाढ ८८.७५ रुपयांची.