उतार विचारण्याआधी चौकट विचारा



'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर उभारण्याचा गेम खेळला असाल तर हा प्रसंग ओळखीचा असेल. टेकडीच्या अंगावर रस्ता टाकला, कडेला जागा आखली, आणि इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या मागे एकदम मातीची भिंत तयार झाली. आखताना तर चढ अगदी बेताचा दिसत होता. मग हा कडा आला कुठून?

या प्रश्नात संशोधनाचा एक मोठा धडा दडलेला आहे. मला तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी शिकायला मिळाला, आणि जरा महागात पडला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तुम्हाला तो आधीच कळलेला बरा.

गेममधली जमीन

१९८९च्या मूळ 'सिमसिटी'त जमीन सपाटच होती. १९९३च्या 'सिमसिटी २०००'मध्ये उंचसखलपणा आला. तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे: जमीन म्हणजे आकड्यांचा तक्ता. ठरावीक अंतरावर एकेक बिंदू आणि प्रत्येक बिंदूला एक उंची. २०१५ साली आलेल्या 'सिटीज: स्कायलाइन्स'मध्ये हा तक्ता १०८१ × १०८१ बिंदूंचा आहे आणि दोन बिंदूंमध्ये १६ मीटर अंतर आहे. २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत ४०९६ × ४०९६ बिंदू आहेत आणि अंतर साडेतीन मीटर.

आता इमारतीकडे या. इमारतीला सपाट तळ लागतो, म्हणून गेम खालची माती एका पातळीला आणतो. समजा ५ मीटर चाललं की १ मीटर चढ, असा उतार आहे. रस्त्यापासून मागे ३२ मीटर खोल जागा घेतली आणि तळ रस्त्याच्या पातळीला ठेवला, तर मागे ६.४ मीटरची भिंत होणार. जागा ८ मीटरच खोल असेल तर भिंत १.६ मीटरची. टेकडी तीच, उतार तोच. बदलली ती फक्त चौकट.

मातीचा हिशोबही करून बघा. तळ मधल्या पातळीला ठेवला, म्हणजे वरच्या अर्ध्या भागाची माती कापून खालच्या अर्ध्या भागात भरली, असं समजू. ३२ मीटरच्या एका सपाट पट्ट्यासाठी रस्त्याच्या दर मीटर लांबीला २५.६ घनमीटर माती हलवावी लागते. तेच अंतर ८ मीटरच्या चार पायऱ्यांत विभागलं तर चारही पायऱ्यांची मिळून ६.४ घनमीटर. बरोबर पाव! म्हणून अनुभवी खेळाडू उतारावर लहान प्लॉट पाडतात आणि रस्ते समोच्च रेषांच्या बाजूने नेतात.

हे आमच्याकडे आधीच माहीत होतं

मी वडशाची. आमचा हा वैनगंगेकाठचा भाग बाहेरच्या माणसाला एकदम सपाट वाटतो. पण धानाला पाणी उभं राहावं लागतं, आणि पाण्याला थोडाही उतार चालत नाही. म्हणून शेताच्या लहान लहान बांध्या पाडलेल्या असतात आणि दोन बांध्यांच्या मध्ये धुरा. बांध्या एवढ्या लहान का, याचं एक उत्तर वरच्या हिशोबात आहे. बांधी जेवढी मोठी, तेवढी माती जास्त हलवावी लागते.

रोवणीआधी चिखलणी चालते तेव्हा बाबा बांधीत पाणी भरून नुसते बघत उभे राहतात. जिथे माती पाण्याच्या वर दिसली तिथे उंचवटा आहे. मग लाकडी फळी ओढून तो खाली आणायचा. यंत्र नाही, नकाशा नाही. पाणीच पातळी दाखवतं.

आता मला सांगा, या शेताचा उतार किती? समजा बांधी २० मीटरची आहे आणि खालची बांधी तिच्यापेक्षा वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर खाली आहे. पूर्ण शेताचा विचार केला तर उतार १ टक्का. बांधीच्या आत उभं राहिलात तर शून्य. आणि धुऱ्यावरून पाय घसरला तर जवळपास उभा! तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या चौकटींतून घेतली आहेत.

माझी चूक

माझ्या अभ्यासात धानशेतीतल्या पाण्याचा विषय येतो, म्हणून मला उताराचा नकाशा हवा होता. मी एसआरटीएमची उंचीची माहिती उतरवून घेतली. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून रडारने ही मोजणी झाली होती. चौकट साधारण ३० मीटरची आणि उंची पूर्ण मीटरमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं, नकाशा तयार. रंगीत, सुंदर. त्यात उताराचे स्पष्ट पट्टे दिसत होते. मी त्यांच्यावर दोन पानं लिहिली.

मॅडमनी ती वाचली आणि एकच विचारलं, "तू तिथे जाऊन उभी राहिलीस का?"

सुट्टीत घरी आले तेव्हा गेले. नकाशात सगळ्यात ठळक पट्टा होता तिथे टेकाड नव्हतं. जमीन सपाट होती आणि तिथून जंगल सुरू होत होतं. रडारची लहर दाट झाडीतून जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून झाडांची उंची जमिनीच्या उंचीत मिसळली होती आणि जंगलाची कड मला चढ म्हणून दिसत होती.

बाकीच्या पट्ट्यांचं कारण आणखी साधं होतं. आपली सॉफ्टवेअरं बहुधा हॉर्न यांच्या १९८१च्या पद्धतीने उतार काढतात. एका चौकटीच्या आजूबाजूच्या आठ चौकटींच्या उंचीवरून, म्हणजे ६० मीटर अंतरावर फरक पाहिला जातो. समजा जमीन खरोखर एका किलोमीटरला १ मीटर उतरते, म्हणजे ०.१ टक्का. पण उंची पूर्ण मीटरमध्येच लिहायची असल्याने तक्त्यात बराच वेळ एकच आकडा येतो आणि मग एकदम १ मीटरचा फरक पडतो. त्या जागी उतार दिसतो ६० मीटरला १ मीटर, म्हणजे जवळपास १.७ टक्के. खऱ्यापेक्षा सोळा-सतरा पट! बाकी सगळीकडे शून्य. मी ज्यांचा अर्थ लावत बसले होते, त्या पूर्णांकाच्या पायऱ्या होत्या.

ती दोन पानं काढून टाकली. त्यांच्यासोबत दोन महिन्यांचं कामही गेलं.

डोंगरात उलटं होतं

सपाट भागात चौकट नसलेला उतार दाखवते. डोंगरात ती असलेला उतार लपवते, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

३० मीटरच्या अंतरात घरासाठी डोंगर कापला आहे असं समजा. ६ मीटर उंचीचा ४५ अंशांचा काप आणि पुढे २४ मीटर सपाट अंगण. नकाशाला दिसतं ३० मीटरमध्ये ६ मीटर, म्हणजे सुमारे ११ अंश. ४५ अंशांचा काप गायब.

आता मातीचं गणित बघा. मातीचा चिकटपणा बाजूला ठेवला आणि अंतर्गत घर्षणकोन ३० अंश धरला, तर कोरडा उतार ३० अंशांपर्यंत टिकतो. तोच पावसाने पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर वाहू लागलं, तर मर्यादा साधारण १६ अंशांवर येते. नकाशातले ११ अंश सुरक्षित वाटतात. प्रत्यक्षातला काप दोन्ही मर्यादांच्या पलीकडे आहे.

३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. मुसळधार पावसासोबत, डोंगरउतारावर जमीन सपाट करून केलेली शेती हेही कारण म्हणून तेव्हा चर्चेत आलं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवरही दरड कोसळली. अशा ठिकाणी "उतार किती?" या प्रश्नाचं उत्तर चुकीच्या चौकटीतून देणं ही परीक्षेतली चूक राहत नाही.

गेममध्ये ही भीती नाही. तिथे कापलेली भिंत कितीही पाऊस आला तरी तशीच उभी राहते, कारण तिथल्या मातीत पाणी मुरतच नाही. गेमसाठी उतार हा बांधकामाचा आणि दिसण्याचा प्रश्न आहे. गेम म्हणून त्यात काही चूक नाही. पण कुठलंही मॉडेल हातात घेताना त्याने काय सोडून दिलं आहे हे विचारायची सवय तिथूनच लावून घ्या.

तुमच्यासाठी

तुमच्या प्रबंधात उंची किंवा उतार येणार असेल तर नकाशा काढण्याआधी वहीत चार ओळी लिहा. माझी चौकट किती मीटरची आहे? उंचीचा आकडा किती बारीक आहे? मला जे शोधायचं आहे (धुरा, काप, ओढा) ते चौकटीपेक्षा मोठं आहे की लहान? आणि मोजणी करणाऱ्याने जमीन पाहिली होती की झाडांचे शेंडे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "लहान" आलं तर तो नकाशा त्या कामाचा नाही, कितीही सुंदर दिसला तरी. मग बारीक माहिती शोधा, नाहीतर टेप आणि लेव्हल घेऊन शेतात उतरा.

माझा नवा नकाशा आता एका मामा तलावाखालच्या मोजक्या बांध्यांचाच आहे. गेल्या रोवणीला पाणी भरलेल्या बांधीत बाबांसोबत उभी राहून मी उंचवटे मोजले. बाबा म्हणाले, "एवढं तर मी काठावरून सांगितलं असतं." खरंच सांगितलं असतं. फक्त त्याआधी मी विचारायला हवं होतं.