वेंगर राहणार कीं जाणार?

ता. १८ मार्च २०१७, शनिवार. इंग्लंडांतील वेस्ट ब्रॉमविच येथील मैदानावर आर्सेनल या लंडनच्या संघाचा फुटबॉलचा सामना चालू असतां आकाशांत एकामागून एक दोन विमानें घिरट्या घालूं लागलीं. प्रत्येकाच्या शेपटास लांबच लांब फलक बांधलेला होता. पहिल्यावर 'नवा करार नको, वेंगर, चालते व्हा' अशा आशयाचीं अक्षरें होतीं. दुसऱ्यावर 'आर्सेनवर आमचा विश्वास आहे' अशा अर्थाचीं. हीं विमानें भाड्यानें घेणारे दोन्ही पक्ष एकाच संघाचे निस्सीम भक्त होते, आणि खालीं त्यांचा तो संघ त्या दिवशीं एकास तीन गोलांनीं हरला. लढाई नाहीं, निवडणूक नाहीं. एका सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थाची नोकरी पुढें चालू राहावी कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न!

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस या खेळाची गोडी नसेल. आम्हांसही ती उतारवयांत, घरांतील नातवाच्या संगतीनें लागली. तथापि मनुष्यस्वभावाचा जो तमाशा या एका प्रकरणांत दिसला, तो खेळ न जाणणारासही विचार करावयास लावील असा आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. फुटबॉलमधील मॅनेजर म्हणजे आपल्याकडील पेढीवरचा कारभारी नव्हे. खेळाडू निवडणें, त्यांस शिकविणें, कोणास खेळवावें आणि कोणास बसवावें हें ठरविणें, कोणास विकत घ्यावें याविषयीं सल्ला देणें, आणि पराभव झाल्यास सर्वांच्या वतीनें शिव्या खाणें, हीं सर्व कामें त्याच्या माथीं असतात. संघाचे मालक पडद्याआड राहतात. लोकांस दिसतो तो मॅनेजर.

आर्सेन वेंगर हे १९९६ सालीं जपानांतील नागोया येथून लंडनास आले, तेव्हां तेथील एका सायंपत्रानें 'हे आर्सेन कोण?' अशा अर्थाचा मथळा देऊन त्यांचें स्वागत केलें. आल्सास प्रांतांतील एका खेड्यांत खाणावळ चालविणाऱ्या आईबापांचा हा मुलगा; स्ट्रासबुर्ग विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा पदवीधर; डोळ्यांवर चष्मा. संघाचा तत्कालीन कप्तान टोनी ॲडम्स यास ते शाळामास्तरासारखे वाटले. त्यानें हें कांहीं स्तुति म्हणून म्हटलें नव्हतें; तरी आम्हांस तें वाचून बरें वाटलें. या मास्तरानें आल्याबरोबर खेळाडूंच्या पथ्यापाण्याला हात घातला. पहिल्याच सामन्याच्या प्रवासांत, आमचीं चॉकलेटें परत द्या, म्हणून खेळाडूंनीं गाडींत ओरडा केला. परंतु १९९८ सालीं आणि पुन्हां २००२ सालीं त्यांनीं साखळी स्पर्धा व एफ. ए. चषक हे दोन्ही एकाच वर्षीं जिंकून दिले. आणि २००३-०४ च्या हंगामांत तर साखळींतील अडतीस सामन्यांपैकीं एकही न हरतां, सव्वीस जिंकून व बारा बरोबरींत सोडवून, अजिंक्यपद मिळविलें. मग त्या वर्गावर मास्तरांचा शब्द वेदवाक्य झाला यांत नवल नाहीं.

पुढें दिवस पालटले. २००६ सालीं संघानें हायबरीचें जुनें मैदान सोडून साठ हजार प्रेक्षकांचें नवें क्रीडांगण बांधलें. त्याचें कर्ज फेडतां फेडतां उत्तम खेळाडू विकावे लागले. २००५ सालच्या एफ. ए. चषकानंतर २०१४ पर्यंत नऊ वर्षें एकही मोठें बक्षीस घरीं आलें नाहीं. कर्ज असतांही दरवर्षीं साखळींतील पहिल्या चौघांत राहणें हा पराक्रम होता, असें जाणते म्हणत. परंतु इंग्लंडांतील अतिशय महाग तिकिटांपैकीं एक विकत घेणारास 'चौथे आलों' या वाक्यानें समाधान होईना. डिसेंबर २०१४ मध्यें स्टोक येथें हार झाल्यावर वेंगर परतीच्या गाडींत चढत असतां कांहीं तरुणांनीं फलाटावर त्यांची हुर्यो उडविली. ज्यानें वीस वर्षांच्या आसपास एका घराण्याची सेवा केली, त्याच्यावर भर स्टेशनांत असा प्रसंग यावा, हें वाचून आम्हांस अतिशय वाईट वाटलें.

आणि मग उजाडला २०१७ चा वसंत. वेंगर यांचा करार त्या उन्हाळ्यांत संपावयाचा होता. फेब्रुवारींत म्यूनिक येथें बायर्न संघानें आर्सेनलला पांच-एक असें चीत केलें; मार्चच्या ७ तारखेस लंडनांत, आर्सेनलच्या अंगणांत, पुन्हां पांच-एक. त्या सायंकाळीं सामन्यापूर्वीं कांहीं भक्तांनीं वेंगरविरुद्ध मोर्चा काढला. आपल्याकडे तो सामना रात्रीं सव्वा वाजतां सुरू झाला, आणि आमच्या नातवानें तो पुरा पाहिला. सकाळीं त्याचें तोंड पाहवत नव्हतें.

येथून वृत्तपत्रांचा उद्योग सुरू झाला. वेंगर जाणार काय? गेल्यास कोण येणार? ज्युव्हेंटसचे आल्लेग्री येणार, डॉर्टमुंडचे टुखेल येणार, अशीं नांवें आळीपाळीनें छापलीं जाऊं लागलीं. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजतें' हें वाक्य आपल्याही वाचकांच्या परिचयाचें आहे. इंग्लंडांत आणखी एक गंमत अशी, कीं तेथें पैज लावण्याचीं कायदेशीर दुकानें असून, कोणाचा मॅनेजर आधीं जाईल आणि त्याच्या जागीं कोण येईल यांवरही पैजा लागतात. पत्रांत एखादें नांव छापून आलें कीं लोक त्यावर पैसे लावतात. पैसे आले कीं दुकानदार भाव बदलतो. आणि भाव बदलला ही दुसऱ्या दिवशींची बातमी होते! आल्लेग्री आले नाहींत, टुखेलही आले नाहींत. पण त्याबद्दल कोणीं कोणास जाब विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

संस्कृत भाषेंत अशा बोलण्यास 'किंवदंती' म्हणतात. पदें फोडलीं तर 'किं वदन्ति', म्हणजे 'काय म्हणतात?' असा निव्वळ प्रश्न हातीं लागतो. आपला 'अफवा' हा शब्द अरबींतून आला. त्याचा मूळ अर्थ 'तोंडें'. एका भाषेनें प्रश्न दिला, दुसरीनें तोंडें पुरविलीं. उत्तर दोहींतही नाहीं.

उत्तर देऊं शकेल असा एकच मनुष्य होता, आणि तो बोलेना. दर आठवड्यास वार्ताहर तोच प्रश्न विचारीत आणि वेंगर तो टोलवीत. वेस्ट ब्रॉमविच येथील पराभवानंतर, आपण काय करणार हें आपणांस ठाऊक असून लौकरच तें कळेल, एवढेंच ते बोलले. आणि प्रत्यक्षांत तें कळावयास मे महिन्याची अखेर उजाडली. त्यांच्याविषयीं आम्हांस कितीही आदर असला तरी हें मौन आम्हांस पटलेलें नाहीं. त्यांच्या त्या अनिश्चिततेचा खेळाडूंच्या मनावर फार अनिष्ट परिणाम झाला, हें हंगाम संपतां संपतां त्यांनीं स्वतःच बोलून दाखविलें. वीस वर्षांत प्रथमच संघ पहिल्या चौघांबाहेर, पांचवा, गेला.

दरम्यान भक्तमंडळांत उभी फूट पडली होती. एक पक्ष म्हणे, ज्यानें आम्हांस सर्व दिलें त्यास घालवितां, तुम्हांस लाज कशी वाटत नाहीं? दुसरा म्हणे, कृतज्ञता वेगळी आणि कारभार वेगळा. आम्हांस प्रेम व्यक्तीवर करावयाचें कीं संघावर? सामना संपल्यावर मैदानाच्या दारांत कॅमेरा घेऊन उभे राहणारे लोक असत. जो अधिक संतापे त्याची मुद्रा अधिक लोक पाहात. 'वेंगर आउट' हे दोन शब्द इतके पसरले, कीं एप्रिल २०१७ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्याविरुद्ध निघालेल्या मोर्चांत आणि अमेरिकेंत फ्लॉरिडांतील कुस्त्यांच्या आखाड्यांतही त्यांचे फलक झळकले. पुष्कळांस ही थट्टा वाटली. ज्या मनुष्याचें नांव त्या फलकावर होतें त्यास काय वाटलें असेल, असें आम्हीं नातवास विचारलें.

तो दुसऱ्या पक्षाचा! तो म्हणाला, "आजोबा, तुम्हांला निवृत्तीची तारीख सरकारनें ठरवून दिली होती. वेंगरना कोणी ठरवून दिली? लोकांनीं सांगायचें नाहीं तर कोणीं सांगायचें?"

प्रश्न खोटा नव्हता. आमच्या व्यवसायांत अठ्ठावन्नावें वर्ष भरलें कीं हार, नारळ आणि निरोपाचीं भाषणें. त्यांत तर्कवितर्कास जागाच नाहीं. जेथें असा नियम नाहीं तेथें वेळ कोणीं ओळखावी? आम्हीं त्यास इतकेंच म्हटलें, कीं सांगावें, अवश्य सांगावें. पण सभेंत सांगावें, पत्र लिहून सांगावें. विमानास बोलतां येतें, ऐकतां येत नाहीं. त्यावर तो म्हणाला, "पत्रें वाचतो कोण?" त्याचें हें उत्तर अद्यापि आमच्या मनांत घोळत आहे.

वृत्तपत्रांचा अंदाज आणि प्रेक्षकांचा संताप हे दोन्ही चुकूं शकतात, याचें उदाहरण त्याच देशांत आहे. डिसेंबर १९८९ मध्यें मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर एका प्रेक्षकानें फलक उभारून, तीन वर्षें सबबी ऐकल्या, आतां राम राम, अशा अर्थाचा निरोप मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांस दिला होता. जानेवारी १९९० मधील नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धचा चषकाचा सामना हरले कीं ते गेले, असें पत्रांत सर्रास छापून येत होतें. तो सामना युनायटेडनें एका गोलानें जिंकला, त्याच वर्षीं चषकही जिंकला, आणि फर्ग्युसन २०१३ पर्यंत तेथेंच राहून अडतीस बक्षिसें मिळवून गेले. अर्थात् प्रत्येक वेंगरचा फर्ग्युसन होतो असें मात्र नाहीं, हेंही नातवानें आम्हांस ऐकविलें.

२७ मे २०१७ रोजीं आर्सेनलनें चेल्सीस हरवून एफ. ए. चषक जिंकला, वेंगर यांचा तो सातवा. चार दिवसांनीं दोन वर्षांचा नवा करार जाहीर झाला. पण मोडलेलें मन सांधेना. पुढच्या हंगामांत मैदानांतील खुर्च्या रिकाम्या दिसूं लागल्या. तिकीट आधींच विकलेलें, माणूस मात्र नाहीं. फलकांपेक्षां या रिकाम्या खुर्च्या मालकांस अधिक स्पष्ट ऐकूं आल्या असाव्यात असा आमचा तर्क आहे. २० एप्रिल २०१८ रोजीं वेंगर जात असल्याचें प्रसिद्ध झालें. जाण्याची वेळ वस्तुतः आपण ठरविलेली नाहीं असें त्यांनीं सांगितलें. आणि भक्तांमधील दुफळीचें जें चित्र जगभर गेलें त्यानें आपणांस दुःख झालें, असेंही म्हणाले. पराभवांविषयीं ते इतके हळवे कधीं झाले नव्हते.

६ मे रोजीं घरच्या मैदानावरील त्यांचा अखेरचा सामना झाला. बर्नलेवर पांच गोल झाले. जागोजाग आभाराचे शब्द छापलेले सदरे होते, आणि साठ हजार लोक उभे होते. आदल्या वर्षीं फलक धरणारेही त्यांत असलेच पाहिजेत. फर्ग्युसन आदल्याच दिवशीं मेंदूंतील रक्तस्रावानें रुग्णालयांत गेले होते. वेंगर यांनीं हातांत ध्वनिक्षेपक घेतला तो प्रथम आपल्या या जुन्या प्रतिस्पर्ध्यास आरोग्य चिंतिण्यासाठीं. मग ते लोकांस म्हणाले, कीं मीही तुमच्यासारखाच आर्सेनलचा एक चाहता आहें. २०२३ सालीं त्याच क्रीडांगणाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला.

एक गोष्ट मात्र त्या गदारोळांत बहुतेकांच्या नजरेआड राहिली. हा संघ १८८६ सालीं वूलिच येथील शस्त्रास्त्रांच्या सरकारी कारखान्यांतील कामगारांनीं काढलेला. पुढें तो कंपनी झाला, तरी कित्येक सामान्य भक्तांपाशीं त्याचे एकदोन भाग असत. नफ्यासाठीं नव्हे, तर हा संघ आपला आहे याची खूण म्हणून ते जपून ठेवीत. एव्हांना बहुसंख्य भाग क्रोएंके नांवाच्या अमेरिकन धनिकाकडे गेले होते. वेंगर गेल्यावर तीन-चार महिन्यांतच, ऑगस्ट २०१८ मध्यें, त्यांनीं उस्मानोव्ह यांचे तीस टक्के भाग घेण्याचें ठरविलें. आणि नव्वद टक्क्यांच्या वर मालकी गेल्यामुळें कायद्यानें उरलेल्या लहान भागधारकांस आपले भाग विकणें भाग पडलें. भक्तांच्या संस्थेनें निषेध केला. पण ठरल्या भावानें पैसे मिळाले आणि भाग गेले.