कर्नल लॅपटॉपवर, बोर्ड आर्मचे
शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा बुलढाण्यातल्या एखाद्या घरी कुणी रास्पबेरी पाय ४ साठी लिनक्स कर्नल तयार करायला बसले, तर कंपाइल लॅपटॉपवर करणे बरे; बोर्डावर फार वेळ जातो. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, बोर्डाचा आर्म. म्हणून हे क्रॉस-कंपाइल.

बहुतेक घोळ इथेच सुरू होतो. 'आर्च' आणि 'क्रॉस कंपाइल' ही दोन व्हेरिएबल मेक या बिल्डच्या कमांडला प्रत्येक वेळी हवीत. शेलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवलेली उत्तम. मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू, चालवताना 'आर्च' विसरले, की मेक लॅपटॉपचाच प्रोसेसर गृहीत धरतो. सेव्ह करताच कॉन्फिग फाइल इंटेलची होते, आर्मचे पर्याय गायब! अशी फाइल ठिगळे लावत वापरू नये. पाय ४ च्या बीसीएम२७११ चिपची डेफकॉन्फिग (तयार मूळ कॉन्फिग) पुन्हा लावावी.

कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहिलेला पर्याय मेकनंतर नाहीसा झाला, तर त्याची एखादी पूर्वअट राहिलेली असते. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधा; 'डिपेंड्स ऑन'च्या ओळीत ती दिसते.

सगळ्यांत फसवी चूक म्हणजे रूट फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर मॉड्यूल ठेवणे. कंपाइल विनातक्रार होते, पण इनिटरॅमएफएस नसेल तर बूट होताना कर्नल पॅनिक. तिथे 'एम' (मॉड्यूल) नव्हे, 'वाय' (कर्नलमध्येच समाविष्ट) हवे.