रक्तगट कसे सापडले? कार्ल लँडस्टायनर आणि सहा जणांचं रक्त

ब्लड ग्रुप तपासताना लॅबमध्ये काय करतात, पाहिलंय का? काचेच्या पट्टीवर तुमच्या रक्ताचे थेंब आणि प्रत्येक थेंबात वेगळं द्रावण. कुठल्या थेंबात पेशींचे गोळे होतात ते पाहिलं, की ग्रुप कळला. या टेस्टचं मूळ व्हिएन्नातल्या एका साध्या प्रयोगात आहे.

त्याआधी माणसाचं रक्त माणसाला देणं म्हणजे जुगारच होता. कुणी वाचायचा, कुणी दगावायचा. दोघांचं रक्त मिसळल्यावर कधीकधी पेशी एकमेकींना चिकटतात हे ठाऊक होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा असं अनेकांना वाटे.

कार्ल लँडस्टायनर (१८६८-१९४३) यांनी निरोगी माणसांचंच रक्त तपासलं : स्वतःचं आणि पाच सहकाऱ्यांचं. लाल पेशी आणि सीरम, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, वेगळे केले. मग प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सीरममध्ये घातल्या. काही जोड्यांत गोळे झाले, काहींत नाही. स्वतःच्या सीरममध्ये मात्र कुणाच्याच पेशी चिकटल्या नाहीत. म्हणजे हा आजार नव्हता, माणसामाणसांतला नैसर्गिक फरक होता! १९०१ मध्ये त्यांनी ए, बी आणि सी हे गट मांडले. सी म्हणजे आजचा ओ. एबी १९०२ मध्ये सापडला.

असं का होतं? ए गटाच्या पेशींवर ए ही खूण असते आणि सीरममध्ये बी-विरोधी अँटिबॉडी. बी गटात उलट. ओ वर दोन्ही खुणा नसतात, पण अँटिबॉडी दोन्ही असतात.

१९३० मध्ये लँडस्टायनर यांना नोबेल मिळालं. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक रक्तदाता दिन आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ नोंदवला. नुसत्या पट्टीवरच्या टेस्टमध्ये तो ओ सारखाच दिसतो. पण ओ गटाच्या पेशींवर असणारी एच खूणही यात नसते, म्हणून अशा रुग्णाला ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं.

म्हणूनच रक्तपेढी रुग्णाचा ताजा नमुना मागते आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळून पाहते. याला क्रॉसमॅच म्हणतात. त्यासाठी वेळ लागला तर चिडू नका. लँडस्टायनर यांचाच प्रयोग तुमच्या माणसासाठी पुन्हा केला जातोय.