काळ्या कातळात नदीची गुहा का नाही?

कळवा आणि दिवा यांच्यामधल्या पारसिकच्या डोंगरातून रेल्वेने काढलेला बोगदा १९१६ साली सुरू झाला. लांबी सुमारे १.३ किलोमीटर. या डोंगराच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी. वर दरवर्षी दोन मीटरहून अधिक पाऊस. एवढं पाणी लाखो वर्षं डोंगराला भिडत आलं, तरी होडी आत नेता येईल अशी एकही गुहा त्याने इथे कोरली नाही. आरपार जायचं तर माणसालाच सुरुंग लावावे लागले.

फिलिपाईन्समध्ये, व्हिएतनाममध्ये, न्यूझीलंडमध्ये मात्र नद्या डोंगराच्या पोटात शिरतात आणि प्रवासी होडीत बसून त्यांच्यामागे आत जातात. अशा सफरींची चित्रं पाहिली की उल्हासच्या काठी राहणाऱ्याला प्रश्न पडतोच: आपल्याकडे डोंगर आहे, नदी आहे, पाऊस तर भरपूर आहे, मग कमी काय आहे?

कमी आहे तो योग्य दगड. मुंब्र्यापासून माथेरानपर्यंत आणि पुढे सह्याद्रीभर पसरलेला कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि थिजले, त्यांचाच हा डोंगर. याउलट, होडीची गुहा तयार होते ती बहुतेक वेळा चुनखडकात. या दोन दगडांचा पाण्याशी वागण्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एक खडीसाखर, दुसरं जातं: पहिली विरघळते, दुसरं फक्त झिजतं.

पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडकाच्या फटीत शिरलं की कॅल्शियम कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. मागे गाळ जवळजवळ उरत नाही, त्यामुळे फट रुंदावते. रुंदावली की जास्त पाणी घेते, जास्त पाण्याने आणखी रुंदावते. पुढे एखादी अख्खी नदीच जमिनीवरची वाट सोडून त्या फटीत उतरते. बेसाल्टवरही हेच आम्लधर्मी पाणी काम करतं, पण त्यातली सिलिकेट खनिजं पुरती विरघळत नाहीत. त्यांची चिकणमाती होते, लोहाचे तांबूस ऑक्साइड उरतात आणि ही माती त्याच फटीत बसून पाण्याची वाट अडवते. आपल्या कातळात फट जन्मते, पण तिची गुहा होण्याआधीच ती बुजू लागते.

म्हणून आपल्या नद्यांनी दुसरी कला साधली आहे. कुकडी नदीच्या पात्रात निघोजला रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे जागच्या जागी गरगरत राहिले आणि त्यांनी कातळात खोल रांजण खोदले. ते विरघळण्याचं काम नाही, निव्वळ घासण्याचं आहे. जगात कुठेही दाखवावं असं हे भूरूप आपल्या दारात आहे आणि त्याकडे सहलीच्या फोटोपलीकडे फारसं कोणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उल्हास उगम पावते राजमाचीच्या परिसरात. तिच्या खोऱ्याच्या माथ्याशी, कर्जतजवळ, कोंढाणे लेणी आहेत. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. पाणी बाहेर आणि कोरीव चैत्य आत, असा हा देखावा पाहिला की नदीनेच ही पोकळी केली असेल असं वाटू शकतं. पण दर्शनी भागावरच्या ब्राह्मी लेखात करणाऱ्याचं नाव आहे: कण्हाचा शिष्य बलक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने केलेलं ते काम आहे. कल्याण-भिवंडी परिसरातलं लोनाडचं लेणंही माणसाचंच. ठाणेकर ज्या लेण्याला खरोखर होडीने जातो ते घारापुरी, तेही बेसाल्टात कोरलेलं. अशा लेण्यांमधल्या पाण्याच्या टाक्या, ज्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे, त्याच दगडाच्या गुणावर उभ्या आहेत. जो कातळ पाण्यात विरघळत नाही तोच पाणी धरून ठेवतो. चुनखडकाच्या मुलखात पाऊस जमिनीखाली पळून जातो. आपल्याकडच्या भिक्षूंनी तो डोंगरावरच साठवला.

आता होडीची गुहा. फिलिपाईन्समधल्या पलावान बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी ८.२ किलोमीटर लांब आहे आणि ती डोंगरातून निघून थेट समुद्राला मिळते. १९९९ साली ती जागतिक वारसा यादीत आली. तिची एक गोष्ट कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या माणसाला पटकन समजेल: तिच्यात भरती-ओहोटी चालते. समुद्राचं पाणी गुहेत दूरवर चढतं, गोड्या पाण्यात मिसळतं, पुन्हा मागे सरतं. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीत जे घडतं तेच तिथे छताखाली, अंधारात घडतं. व्हिएतनामच्या फाँग न्यामध्येही सोन नदीवरून नावा गुहेच्या तोंडातून थेट आत जातात.

होडी जाते तिथवरच गुहा संपत नाही. गुहेचं मूळ कोरीवकाम बहुधा भूजलपातळीच्या खाली, पाण्याने पूर्ण भरलेल्या अवस्थेत सुरू होतं. नंतर दरी खोल होते, भूजल खाली सरतं, वरच्या नळ्यांत हवा शिरते. तेव्हा छतातून झिरपणारं पाणी गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतं, चुना पुन्हा घट्ट होतो आणि लवणस्तंभ वाढू लागतात. वेग गुहेगणिक वेगळा, पण हजार वर्षांत दहा सेंटिमीटर हा साधारण अंदाज धरायला हरकत नाही. एका हाताच्या धक्क्याने मोडलेलं टोक परत यायला किती पिढ्या लागतील ते यावरून कळावं. तळाशी मात्र नदीचं काम चालूच असतं, आणि मध्येच कुठेतरी छत उतरत उतरत पाण्याला टेकतं. तिथून पुढे फक्त पाणबुडे जाऊ शकतात.

अशा गुहेत पाऊस आधी दिसत नाही. तो दूर डोंगरावर पडतो आणि पाणी आतून चढतं. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक असेच अडकले. १० जुलैपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले, पण त्या बचावकार्यात थायलंडच्या नौदलातला एक माजी पाणबुड्या प्राणाला मुकला.

भारतात नदीवरून होडीने आतपर्यंत जाण्याची सोय असलेली मोठी पर्यटन-गुहा नाही. बोरा, बेलम, मावस्माई या सगळ्या पायी बघायच्या. सर्वांत जवळ जाणारा अनुभव अंदमानातल्या बाराटांगचा. तिथे खारफुटीतून वळणं घेत बोट जाते, मग थोडं चालून चुनखडकाच्या गुहा लागतात. ठाण्याच्या खाडीची तिवरं ओळखणाऱ्याला तो प्रवास परका वाटणार नाही. छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळच्या कोटुमसर गुहेचा आपल्याशी संबंध वेगळा आहे. तिथल्या काळोख्या पाण्यात राहणारा छोटा मासा इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या जातीत धरला जातो. १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी या जातीचं वर्णन केलं ते पुण्याच्या माशांवरून. नदीतल्या माशाचे डोळे नीट असतात; गुहेतल्या काहींचे डोळे बारीक झाले आहेत, कातडी फिकी पडली आहे. मेघालयात महासीरच्या गोतातला डोळे हरवलेला मासा २०१९ मध्ये सापडला, तो ४० सेंटिमीटरहून मोठा होता. त्याच राज्यातल्या माव्मलुह गुहेतल्या स्तंभाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची नोंद आहे. तिच्याच आधारे पृथ्वीच्या इतिहासातल्या अगदी अलीकडच्या कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं.

महाराष्ट्रातही चुनखडक आहे, यवतमाळच्या वणी भागात आणि चंद्रपूरच्या कोरपना-गडचांदूर पट्ट्यात. पण तिथे त्याच्या खाणी आहेत आणि त्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. खाण पुढे सरकण्याआधी या दगडातल्या पोकळ्यांची नोंद आणि मोजणी होणं माझ्या मते अत्यावश्यक आहे. फुटलेला डोंगर पुन्हा अभ्यासाला मिळत नाही.

गुहा पाहायला जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. कोटुमसर पावसाळ्यात पाण्याने भरते आणि बंद असते. जायचं ते हिवाळ्यात, वनविभागाचा वाटाड्या बरोबर घेऊन. स्तंभांना हात लावू नका, कारण त्वचेच्या तेलाने चुन्याची वाढ थांबते. वटवाघळांवर प्रकाशझोत रोखू नका. कोंढाण्याला धबधबा पाहायला गेलात तर प्रवाहाखाली उभे राहू नका आणि बलकाच्या लेखाशेजारी आपलं नाव कोरू नका.