छोट्या मोटारीचा पोत कसा ओळखावा?

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. किमती उतरल्या, आणि आमच्या बाजारातही मोटारसायकल सोडून मोटार घेण्याची चर्चा सुरू झाली. चांगलेच झाले. परंतु वाचलेला पैसा कशावर लावायचा? शोरूममध्ये पाऊल टाकताच चकचकीत चाके, मोठा स्क्रीन आणि उघडणारे छत यांचाच पुकारा सुरू होतो. टक्कर झाली तर ही मोटार आतल्या माणसांना वाचवील काय, हे विचारणारा ग्राहक अजून विरळाच दिसतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. थानाची वरची घडी कितीही देखणी असली तरी थान उलगडून ताणा-बाणा पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. मोटार अशी उलगडता येत नाही. म्हणून जे लोक ती खरोखर आदळून पाहतात, त्यांचा निकाल मागून घ्यावा.

जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारी अशा आदळल्या: अल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि पोलो. ताशी 64 किलोमीटर वेग आणि समोरच्या रुंदीचा 40 टक्के भाग अडथळ्यावर. हा वेग म्हणजे सुमारे 16 मीटर, म्हणजेच पाच मजल्यांवरून खाली पडण्यासारखा. पाचांपैकी एकीतही एअरबॅग नव्हती आणि पाचांनाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. वर्तमानपत्रांत एवढेच गाजले.

खरी गोष्ट निकालाच्या पोटात होती. पहिल्या तिघींचा सांगाडाच ढासळला होता. एअरबॅग बसवूनही उपयोग झाला नसता, असे संस्थेने म्हटले. फिगो आणि पोलोचा सांगाडा मात्र टिकला. त्याच पोलोत दोन एअरबॅगा घालून पुन्हा चाचणी केली, तर चार तारे मिळाले. एअरबॅग हे अस्तर आहे. कापडच जीर्ण असेल तर अस्तर काय करणार?

पुढेही हेच दिसले. ऑक्टोबर 2021 मध्ये टाटा पंचला दोनच एअरबॅगांवर पाच तारे मिळाले. डिसेंबर 2022 मध्ये स्विफ्ट, इग्निस आणि एस-प्रेसो या तिघींतही दोन एअरबॅगा होत्या, पण तारा एकेकच मिळाला. सांगाडा अस्थिर ठरला. मधल्या काळात चाचणी कडक झाली होती हे खरे, म्हणून दोन निकाल एका काट्यावर तोलू नयेत; परंतु अस्थिर ते अस्थिरच. बरे, त्याच मारुतीच्या नव्या डिझायरने नोव्हेंबर 2024 मध्ये पाच तारे मिळवले. म्हणजे कारागिरी येत नाही असे नाही. गिऱ्हाईक मागत नाही तोवर कारखानदार देत नाही, एवढेच.

1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली. ती ऐच्छिक ठेवली आहे. तेव्हा ‘हिला किती तारे, कोणत्या साली, आणि सांगाडा स्थिर की अस्थिर?’ असे तीन प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारावेत. ‘सहा एअरबॅगा आहेत साहेब’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

चांगली मोटार घेऊनही लोक ती बाजारात नेऊन बिघडवतात, याचे आम्हाला अधिक नवल वाटते. बाजूची एअरबॅग बऱ्याच मोटारींत सीटच्या कडेला शिवलेली असते. त्यावर जाड रेक्झिनचे कव्हर दुहेरी शिलाईने ताणून बसवले, तर ती वेळेवर बाहेर कशी येणार? त्या कडेची शिलाई मुद्दाम कच्ची ठेवलेले कव्हर मिळते, तेच घ्यावे. पुढच्या लोखंडी गार्डवर डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने बंदीचे आदेश काढले, कारण टकरीत चेपून मार सोसणारा पुढचा भाग त्यामुळे चेपतच नाही. पट्ट्याची टूंटूं बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा तर उघड विकल्या जात होत्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढून टाकण्याचे आदेश दिले. एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे, पट्ट्याची जागा घेणारी नव्हे. मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, पट्टा न लावता मागे बसलेला माणूस टकरीत पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि दोघांचाही घात होतो.

शेवटी आमच्याच धंद्याची एक सवय. मागची सीट पाडून नमुन्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचायचे आणि रातोरात हायवेने निघायचे. मोटार थांबली तरी गठ्ठा त्याच वेगाने पुढे येतो, आणि पुढे आपली मान असते. जड माल डिकीत खाली, उभ्या सीटला टेकवून ठेवावा आणि डिकीत कड्या असतील तर त्यांना दोरीने घट्ट आवळावा. त्याहून जास्त माल असेल तर टेम्पो सांगावा.