द्रवाला सांभाळणारें कवच

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, ज्यांच्या घरीं कूपनलिकेचें पाणी येतें त्या गृहिणींस त्याचा जडपणा निराळा सांगावयास नको. साबणास फेंस येत नाहीं आणि भांड्याच्या तळाशीं पांढरा थर धरतो. हा उपद्रव करणारा चुना, शास्त्रीय भाषेंत कॅल्शियम, एक मोठें उपयुक्त कामहि करतो. समुद्रशेवाळांतील एका पदार्थाशीं त्याची गांठ पडली कीं तो थेंबाभोंवतीं कातडें विणतो. या कातड्याच्या बळाचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण त्यावर उद्यां रुग्णाचें हित अवलंबून असूं शकेल.

तो पदार्थ म्हणजे अल्जिनेट. तपकिरी शेवाळांत तो असतो. आपल्या कोंकणकिनाऱ्यावरील सारगॅसम हें त्याच वर्गांतलें. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानें १८८१ मध्यें त्याचा शोध प्रसिद्ध केला. अल्जिनेटच्या लांबच लांब रेणुसाखळ्यांना वळणांवर खळगे असतात. दोन साखळ्यांच्या खळग्यांत कॅल्शियमचे कण बसले कीं त्या एकमेकींस चिकटतात. १९७३ मध्यें शास्त्रज्ञांनीं या रचनेस अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. ज्यांच्या घरीं अंडीं येत नाहींत त्यांनीं समोरासमोर ठेवलेलीं दोन आप्पेपात्रें डोळ्यांपुढें आणावींत.

अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या द्रावणांत टाकला तर कवच बाहेरून आंत वाढत जातें व अखेर सबंध गोळी घट्ट होते. उलट, कॅल्शियम मिसळलेला रस अल्जिनेटच्या द्रावणांत सोडला तर कवच बाहेरच्या अंगास वाढतें आणि पोटांतील रस पातळच राहतो. घरीं प्रयोग करणारांनीं अल्जिनेट विरघळविण्यास जड पाणी मात्र घेऊं नये. त्यांतील चुन्यानें तें आधींच गोठूं लागतें.

कवचाचें बळ मोजण्यासाठीं गोळी दोन सपाट पट्ट्यांमध्यें धरून दाबतात. किती भारास ती किती चपटी होते व केव्हां फुटते, हें टिपतात. आंतला द्रव दाबानें आक्रसत नाहीं, म्हणून ताण कवचावर येतो. हळू दाबल्यास द्रव झिरपून ताण कमी होतो. एकदम दाबल्यास त्यास तेवढी सवड मिळत नाहीं. पातळ कवच दुप्पट जाड केलें तर एका बिंदूवर तें दाबण्यास सुमारें चौपट बळ लागतें. जाडी तीच ठेवून गोळी दुप्पट मोठी केली तर निम्मेंच पुरतें. पण जाडी हेंच सर्वस्व नव्हे. साखळींत गुलुरॉनिक आम्लाचा अंश अधिक असेल तर कवच कडक पण ठिसूळ होतें. मॅन्युरॉनिक अधिक असेल तर मऊ व लवचीक. मिठांतलें सोडियम कॅल्शियमची जागा घेऊन सांधे सैल करतें, आणि सायट्रेट तर कॅल्शियम ओढूनच नेतें.

कवच किती बळकट असावें, हें कामावर ठरतें. आमच्या जिल्ह्यांतील पैठणच्या पैठणीचें रेशीम ज्या तुतीच्या पानांवर पोसतें, त्या तुतीचे अंकुर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील संशोधकांनीं अल्जिनेटच्या गोळ्यांत ठेवून त्यांपासून रोपें वाढविलीं, असें त्यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलें. तेथें कोंबास वाट देणारें मऊ वेष्टनच हवें.

मधुमेहाची गोष्ट याहून बिकट. १९८० मध्यें लिम आणि सन यांनीं इन्सुलिन निर्माण करणारे पेशीपुंज अल्जिनेटच्या थेंबांत कोंडले, वर दुसऱ्या पदार्थाचें पटल चढविलें आणि सायट्रेटनें आंतील गर पुन्हां द्रव केला. या कुप्यांनीं मधुमेही उंदरांची रक्तशर्करा दोन ते तीन आठवडे ताब्यांत राहिली. शर्करा आंत यावी, इन्सुलिन बाहेर जावें, पण शरीराच्या रक्षक पेशींस प्रवेश मिळूं नये, अशी ही योजना. कवच जाड केलें तर देवघेव मंदावते. पातळ ठेवलें तर फुटण्याचें भय. आणि शरीरांतील सोडियम तर रात्रंदिवस सांधे उसवीत असतें. हा उपाय अद्याप नित्याच्या उपचारांत आलेला नाहीं. रोज सुई टोंचून घेणाऱ्या मुलाची त्यांतून सुटका व्हावयाची, तर या केसाएवढ्या कातड्यास जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवूनहि वर्षानुवर्षें टिकावें लागेल.